'हाव' लिहिलं, तर होय की नाही?



ऑनलाइन माहिती भरताना 'होय/नाही'चा रकाना आपल्याला सगळ्यात सोपा वाटतो. माझं मत उलटं आहे. नाव चुकलं तर वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. 'होय'चं 'नाही' झालं तर कोणालाच कळत नाही. आणि आपल्या जिवतीसारख्या डोंगराळ तालुक्यात दूरच्या गुड्यावरून येणाऱ्या पोराचा वाहतूक भत्ता अशाच एखाद्या रकान्यावर अडतो.

हे होतं कसं, ते बघा. डेटाबेसमध्ये अशा उत्तराला 'बूलियन' म्हणतात : खरं किंवा खोटं. (हे नाव जॉर्ज बूल या इंग्लिश गणितज्ञावरून पडलं. वडील जोडे शिवायचे, आणि यांनी १९व्या वर्षी स्वतःची शाळा काढली. म्हणजे आपल्यातलेच की!) आपण एक्सेलमध्ये लिहितो तो मात्र नुसता मजकूर : होय, हो, आहे, कोणी घाईत 'हाव'. प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यामध्ये बोलणारा जो भाग असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो दुभाष्याच. पहिलीतल्या कोलामी बोलणाऱ्या लेकराचं म्हणणं चौथीतली ताई आपल्याला मराठीत सांगते ना, तसा.

पण सगळीकडे एकच नियम नाही. पोस्टग्रेस हा डेटाबेस ट्रू, येस, ऑन, १ हे इंग्रजी शब्द-आकडे 'खरं' धरतो आणि फॉल्स, नो, ऑफ, ० हे 'खोटं'. 'होय' दिलं तर तो चूक दाखवून थांबतो. मायएसक्यूएलमध्ये बूलियन म्हणजे एक छोटा आकडाच. तिथे कडक तपासणी बंद असेल तर 'येस' हा शब्दसुद्धा, आकडा नाही म्हणून, ० होतो. म्हणजे चक्क नाही! पायथनची तऱ्हा आणखी वेगळी. शब्द रिकामा नसला की तो खरा, मग तो शब्द 'फॉल्स' का असेना.

आकड्यांनी तरी सुटका होते का? यू-डायस प्लसच्या नमुन्यात बऱ्याच प्रश्नांना १ म्हणजे होय आणि २ म्हणजे नाही. बऱ्याच संगणकभाषांत मात्र ० सोडून प्रत्येक आकडा 'खरा'. हा संकेत न सांगता तशी यादी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घातली, की सगळे २ 'होय' झाले समजा.

म्हणून मला पोस्टग्रेसची पद्धत पटते. अडून बसणारं सॉफ्टवेअर आपल्याला वैताग आणतं, खरं आहे. पण चौथीतल्या त्या ताईला शब्द कळला नाही तर तिने "काय म्हणते, मला नाही समजलं" असंच सांगायला हवं ना? मनाने काहीतरी सांगितलं तर नुकसान त्या लेकराचं.

रिकाम्या रकान्याचंही तेच. डेटाबेसमध्ये त्यासाठी 'नल' अशी वेगळी सोय आहे, म्हणजे उत्तर माहीत नाही. आई कापूस वेचायला गेली होती, विचारायचं राहून गेलं, हे 'नाही' नव्हे. तरी यादी पूर्ण दिसावी म्हणून 'नाही' टाकलं जातं.

शिक्षकांनो, एक्सेलमध्ये यादी बनवताना या रकान्याला निवडायची पट्टी लावा. हाताने टाइपच करू देऊ नका. आणि पालकांनो, शाळेत याल तेव्हा मुलाच्या नोंदीची छापील प्रत मागा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, त्यात लाज कसली? जिथे 'नाही' असेल तिथे विचारा, "सर, हे आम्हाला कधी विचारलं होतं?"