रडीचा डाव आणि दुसऱ्याचा वेळ

‘रडीचा डाव’ हा शब्दप्रयोग मराठीला मैदानाने दिला. विटीदांडूत डाव अंगावर आला की विटी खिशात घालून घरी निघणारा, लगोरीत बाद झाल्यावर ‘मला चेंडू लागलाच नाही’ म्हणून हटून बसणारा गडी प्रत्येक आळीत असे. त्याच्यावर कुणी तक्रार गुदरत नसे. दुसऱ्या दिवशी गडी वाटून घेताना त्याचे नाव सर्वांत शेवटी पुकारले जाई, आणि तेवढे त्याला पुरत असे. त्या शिक्षेत एक गोष्ट गृहीत धरलेली होती, ती म्हणजे दुसऱ्या दिवशीही खेळायला तीच मुले असणार आणि त्याच मुलांना तोंड दाखवावे लागणार.

आज बुद्धिबळाचा पट संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावर आला आहे. प्रतिस्पर्धी कोण, कुठला, किती वयाचा, हे ठाऊक नसते आणि उद्या तो पुन्हा भेटण्याची शक्यता जवळजवळ नसते. या पटावर रडीच्या डावाने नवे रूप घेतले आहे. समजा, दोघांना प्रत्येकी दहा मिनिटे दिलेली आहेत. एकाचा वजीर गेला, राजा उघडा पडला, आणखी दोन खेळ्यांत मात आहे, पण त्याच्या घड्याळात सात मिनिटे शिल्लक आहेत. अशा वेळी तो खेळी करीत नाही आणि डावही सोडत नाही. घड्याळ चालू ठेवून तो दुसऱ्या कामाला लागतो. जिंकणाऱ्याला मात्र उठता येत नाही. कारण काही जण अखेरचे पाच-दहा सेकंद उरले असताना अचानक खेळी करतात. समोरचा कंटाळून उठून गेला असेल, आता त्याचे घड्याळ संपेल आणि हरलेला डाव आपल्या पदरात पडेल, असा तो हिशेब असतो. काही जण मनासारखी सुरुवात झाली नाही की पानच बंद करून नाहीसे होतात. जाता जाता संदेशाच्या चौकटीत दोन शिव्या टाकून जाणारेही आहेत.

हा सगळा इंटरनेटचा दोष, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण इतिहास तसे सांगत नाही. 1851 साली लंडनमध्ये पहिली मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हा घड्याळ नव्हतेच. एकेका खेळीसाठी समोरच्याला ताटकळत ठेवल्याच्या तक्रारी त्या स्पर्धेपासूनच्या आहेत. हॉवर्ड स्टाँटन या त्या काळच्या अग्रगण्य खेळाडूने एलिजा विल्यम्सच्या संथ खेळावर जाहीरपणे ताशेरे ओढले होते. पुढे 1861 मध्ये अँडरसन आणि कोलिश यांच्या सामन्यात वाळूची घटिकायंत्रे वापरली गेली आणि 1883 च्या लंडन स्पर्धेत दोन तबकड्यांचे जोडघड्याळ आले. म्हणजे बुद्धिबळाच्या पटाशेजारी घड्याळ आले तेच मुळी वेळकाढूपणावरचे औषध म्हणून. आणि अवघ्या बारा वर्षांत त्या औषधाचेच हत्यार झाले. 1895 साली हेस्टिंग्ज येथे स्टाइनिट्झविरुद्ध कुर्ट फोन बार्डेलेबेन याचा डाव कोसळला. समोर दिसणाऱ्या माताची साखळी त्याने ओळखली. डाव न सोडता तो खुर्चीवरून उठला, दालनाबाहेर गेला आणि आपली वेळ संपू दिली. स्टाइनिट्झने उपस्थितांना उरलेल्या खेळ्या पटावर करून दाखविल्या. बार्डेलेबेन सामान्य खेळाडू नव्हता. जर्मनीतल्या नामांकितांमध्ये त्याची गणना होती. तरी सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर जगाला त्याची ही एकच गोष्ट आठवते. खुर्ची मोकळी होती, पण त्या खुर्चीवर कोण बसले होते हे सर्वांनी पाहिले होते.

पडद्यावर नेमके हेच घडत नाही, आणि सगळा फरक तिथे पडतो.

2020 च्या टाळेबंदीत भारतात बुद्धिबळाचा ऑनलाइन पट घरोघरी पोहोचला. त्यात आपल्या नाशिकचा वाटा मोठा आहे. चौदा वर्षांखालील मुलांचे जगज्जेतेपद 2008 साली मिळविणारा आणि 2013 साली ग्रँडमास्टर झालेला विदित गुजराथी त्या काळात समय रैना या विनोदी कलाकाराच्या थेट प्रक्षेपणांत दिसू लागला आणि ज्यांनी कधी प्यादे हाती धरले नव्हते अशी असंख्य तरुण मंडळी या खेळाकडे वळली. त्याच वर्षी जागतिक बुद्धिबळ महासंघाने पहिले ऑनलाइन ऑलिम्पियाड भरविले आणि भारतीय संघाचा कर्णधार विदितच होता. त्या स्पर्धेतील दोन प्रसंग या विषयासाठी फार मोलाचे आहेत.

पहिला उपांत्यपूर्व फेरीतला. भारताच्या निहाल सरीनविरुद्ध खेळणाऱ्या आर्मेनियाच्या हाइक मार्तिरोस्यानचा संपर्क मध्येच तुटला आणि वेळ संपल्यामुळे डाव भारताला मिळाला. आर्मेनियाने दाद मागितली, ती फेटाळली गेली, आणि त्या संघाने पुढची लढत न खेळता स्पर्धेतून माघार घेतली. दुसरा प्रसंग लगोलग 30 ऑगस्टच्या अंतिम सामन्यातला. रशियाविरुद्ध निहाल सरीन आणि नागपूरची, तेव्हा चौदा वर्षांची असलेली दिव्या देशमुख या दोघांचा संपर्क तुटला आणि दोघेही वेळेवर हरले. या वेळी इंटरनेटचा बिघाड जगातल्या अनेक ठिकाणी झालेला होता. भारताने दाद मागितली. महासंघाचे अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच यांनी दोन्ही संघांना सुवर्णपदक बहाल केले. आपण आनंद साजरा केला आणि तो रास्तही होता. पण आर्मेनियाच्या घरातून त्या दिवशी ही बातमी कशी दिसली असेल, याचाही विचार आपण करावयास हवा.

हे दोन्ही प्रसंग अप्रामाणिकपणाचे नाहीत, म्हणूनच ते येथे आठवले. पडद्यावर मार्तिरोस्यान, दिव्या आणि रडीचा डाव खेळणारा कुणी अनामिक हे तिघेही सारखेच दिसतात. पट स्तब्ध, घड्याळ चालू. सुरगाणा, पेठ किंवा त्र्यंबकेश्वर तालुक्यातील एखाद्या पाड्यावर डोंगराआड रेंज गेली, ऐन डावात वीज गेली, तर तिथल्या मुलाचा डावही असाच थिजतो. वेळकाढूपणा करणारा केवळ एका प्रतिस्पर्ध्याला छळत नाही. तो या खऱ्या अडचणीत सापडलेल्यांच्या आडोशाला बसतो आणि त्यांच्यावरचा विश्वास खर्च करून टाकतो. चार वेळा फसलेला खेळाडू पाचव्या वेळी पाड्यावरच्या मुलालाही लबाडच समजतो. माझ्या मते यातली खरी हानी ही आहे. गेलेली सात मिनिटे त्यामानाने लहान.

संकेतस्थळे स्वस्थ बसलेली नाहीत. प्रतिस्पर्धी निघून गेला तर ठरावीक काळानंतर विजयाचा दावा करता येतो. वारंवार डाव अर्धवट टाकणाऱ्याला आधी ताकीद मिळते, मग काही काळ खेळबंदी होते. पण जो बसून राहतो त्याच्या बाबतीत यंत्राची अडचण होते, कारण विचारात गढलेला आणि वेळ काढणारा बाहेरून सारखेच दिसतात. काहींचे म्हणणे असे की, दहा मिनिटे नियमानेच मला दिली आहेत, ती मी कशीही वापरीन. शिवाय हरता डाव शेवटपर्यंत लढविणे हे तर खेळाडूचे कर्तव्यच. यातील दुसरा भाग मला पूर्ण मान्य आहे. नवशिक्या मुलांना तर मी आवर्जून सांगेन की वजीर गेला म्हणून डाव सोडू नका; समोरचाही नवशिका आहे, तो राजाला कोंडीत पकडताना चुकेल आणि डाव बरोबरीत सुटेल. पण लढणारा पटावर असतो. तो उरलेल्या हत्तीसाठी घर शोधत असतो, एखादे प्यादे पुढे रेटता येते का ते पाहत असतो. वेळ काढणारा पट सोडून गेलेला असतो, मागे राहिलेले असते ते त्याचे घड्याळ. दोघांतला भेद तिसऱ्याला दिसत नाही, पण ज्याचा त्याला पक्का ठाऊक असतो.

आणि ती दहा मिनिटे खरोखर त्याची एकट्याची असतात काय? ती विचार करण्यासाठी दिलेली असतात. तो विचार चालू असेतोवर समोरचा आपला वेळ आनंदाने देतो, कारण खेळ दोघांचा आहे. विचार थांबला की जे उरते ते समोरच्याने दिलेले नसते, घेतलेले असते. न दिलेले घेण्यापासून दूर राहण्याचे शील आपल्या शाळेत रोज सकाळी म्हटले जाते. अदिन्नादान म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे पेन, पैसे, फार तर जेवणाचा डबा येतो. त्यात दुसऱ्याचा वेळही येतो, हे समजाविण्यासाठी इतके सोपे उदाहरण मला तरी दुसरे सापडलेले नाही. (ब्रह्मजाल सुत्तात आठ आणि दहा घरांच्या ओळींवर खेळावयाच्या पटखेळांपासून भिक्षूंनी अलिप्त राहावे असे सांगितले आहे, याची आठवण एखादे अभ्यासू वाचक करून देतील. तो नियम भिक्षूंसाठी होता. शाळकरी मुलांच्या तासाला तो लावू नये, एवढीच विनंती.)

यावर एक उपाय नेहमी सुचविला जातो. प्रत्येकाचे खरे नाव, छायाचित्र आणि ओळखपत्र घेतल्याखेरीज कुणाला खेळू देऊ नये, म्हणजे बुरखा गळून पडेल आणि वर्तन सुधारेल. स्पर्धांपुरते ते योग्यच आहे. रोजच्या खेळासाठी मात्र मी त्याच्या विरोधात आहे. ज्या नाशिकमध्ये 1930 साली काळाराम मंदिराच्या दारात माणसांना त्यांच्या जातीमुळे अडविले गेले आणि सत्याग्रह करावा लागला, त्या नाशिकमधल्या आपल्यासारख्या शाळेने हे लक्षात ठेवले पाहिजे की पडद्यावरच्या पटावर आडनाव विचारले जात नाही. आपला विद्यार्थी तिथे एक टोपणनाव आणि एक गुणांक घेऊन बसतो. समोर इंजिनिअर असो की ब्राझीलमधली आजी, त्याची खेळी केवळ खेळी म्हणून तोलली जाते. गावात, बाजारात, कधी कधी परीक्षेच्या दालनातही इतका निखळ व्यवहार त्याच्या वाट्याला येत नाही. ज्या पडद्याआड रडीचा डाव लपतो, त्याच पडद्याने आपल्या मुलांना ही समता दिली आहे. दुसऱ्या कुणाच्या असभ्यपणावर इलाज म्हणून ती गमावणे मला परवडणारे वाटत नाही.

निवासी शाळेत तर या प्रश्नाला आणखी धार येते. घरी स्वतःचा मोबाइल असलेल्या मुलाची सात मिनिटे गेली तर त्याची चिडचिड होते, बस. वसतिगृहातील मुलाला संगणकासमोर आठवड्यातून मोजका अर्धा तास मिळतो, आणि मागे पुढचा मुलगा उभा असतो. त्या अर्ध्या तासात दहा-दहा मिनिटांचा जेमतेम दीड डाव बसतो. समोरचा सात मिनिटे गप्प बसला, तर आठवड्याच्या शिकण्याचा चौथा हिस्सा गेला. मग मुले स्वाभाविकपणे तीन मिनिटांच्या डावांकडे वळतात, म्हणजे कुणी अडवून धरले तरी थोडक्यात निभावते. प्रत्येक खेळीगणिक काही सेकंद वाढवून देणारे घड्याळ बॉबी फिशरने काढले, 1989 साली त्याला त्याचे पेटंट मिळाले. त्या पद्धतीचे छोटे डाव यातल्या यात बरे. पण छोट्या डावांत हात शिकतो, डोके शिकत नाही. खोल विचार करण्याची सवय ज्या वयात लागायची, त्या वयात मुले घाईकडे ढकलली जातात, आणि तीही आपल्या दोषामुळे नव्हे.

म्हणून आपल्या पुरते काही ठरविता येईल. पडद्याआधी लाकडी पट, निदान पहिले वर्षभर. तिथे हरलेल्याने राजा आडवा करून ‘डाव सोडला’ असे स्पष्ट म्हणावे, हात मिळवावा आणि दोघांनी मिळून मोहरे पुन्हा मांडावेत. कोणती खेळी चुकली, हे हरलेल्याने आधी सांगावे आणि जिंकलेल्याने ऐकावे. संगणकासमोर बसताना वहीत दोन रकाने आखावेत. एकात झालेला डाव, दुसऱ्यात तो कसा संपला याची नोंद: मात, सोडला, वेळ संपली, संपर्क तुटला. समोरचा गप्प बसला तर मुलाने संदेशाच्या चौकटीत काही लिहू नये. त्या मिनिटांत आपल्याच खेळ्या वहीत उतरवून काढाव्यात आणि अधूनमधून पटाकडे नजर टाकावी. आणि वाया गेलेली मिनिटे पर्यवेक्षकांनी त्या मुलाच्या पुढच्या पाळीत भरून द्यावीत. रांगेत मागे उभ्या असलेल्या मुलाला हे पटवून देणे थोडे अवघड जाईल, त्याचाही वेळ मोजकाच आहे. पण वहीतला दुसरा रकाना त्याला दाखविता येईल.