उन्हाळ्यातली हजेरी

अमेरिकेत ॲरिझोना राज्यात फीनिक्स शहराच्या वायव्येला सन सिटी नावाचे गाव आहे. १ जानेवारी १९६० रोजी ते खुले झाले. डेल वेब या बांधकाम व्यावसायिकाने कापसाच्या शेतांच्या जागी बैठी घरे, गोल्फचे मैदान, पोहण्याचे तलाव आणि बाजार बांधला, आणि हे गाव फक्त निवृत्तांचे असे जाहीर केले. घरात एक जण तरी पंचावन्नच्या पुढचा हवा, आणि लहान मुलांनी तिथे कायमचे राहायचे नाही, असा नियम. पुढे १९७८ पासून शेजारी सन सिटी वेस्ट उभे राहिले. आता त्या वाळवंटात अशा बऱ्याच वसाहती आहेत.

माझी मुलगी त्या भागात राहते. दोन उन्हाळे मी तिच्याकडे काढले आणि अशा वसाहतींमधली उन्हाळी सूचनापत्रके हौसेने वाचली. शाळेत आयुष्यभर सूचनाफलक लिहिले, त्यामुळे दुसऱ्याने लिहिलेली सूचना दिसली की वाचल्याशिवाय राहवत नाही! सूचना सगळ्या चांगल्या असतात. माझी तक्रार एवढीच, की सर्वांत महत्त्वाची ओळ बहुधा सगळ्यांत शेवटी येते.

आधी त्या सूचना काय असतात ते सांगतो. बाहेरची कामे सकाळी लवकर उरका. तहान लागायची वाट न पाहता पाणी प्या. एसीची तपासणी उन्हाळा सुरू होण्याआधी करून घ्या आणि त्याची जाळी वेळच्या वेळी बदला. औषधे गाडीत ठेवू नका. कुत्र्याला दुपारी फिरवू नका, डांबराने त्याचे पाय भाजतात. (माणसांचेही भाजतात. रस्त्यावर पडलेला म्हातारा माणूस लगेच उठू शकला नाही, तर त्याची कातडी होरपळते, आणि अशा रुग्णांनी तिथल्या भाजलेल्यांच्या दवाखान्यातल्या खाटा दर उन्हाळ्यात भरतात.) संध्याकाळी बाहेर पडताना बॅटरी जवळ ठेवा, कारण ऊन उतरले की सापही बाहेर पडतात. धुळीचे वादळ आले तर गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्या, दिवे बंद करा आणि ब्रेकवरचा पाय काढा, नाहीतर तुमचे मागचे लाल दिवे पाहून मागचा माणूस तुमच्याच मागे येऊन धडकेल. पाऊस आला की कोरड्या ओढ्यात गाडी घालू नका.

आणि गावाला जाणार असाल तर पाण्याचा मुख्य नळ बंद करा, टपाल थांबवा, घराकडे लक्ष ठेवायला कुणाला तरी सांगा. ही सूचना बऱ्याच जणांसाठी असते. कारण तिथे हंगाम उलटा आहे. हिवाळ्यात थंड प्रदेशातून माणसे येतात आणि एप्रिल-मे लागला की आपापल्या राज्यात परत जातात. त्यांना तिथे 'स्नोबर्ड' म्हणजे बर्फाचे पक्षी म्हणतात. जूनमध्ये गल्लीत एकेका घराआड कुलूप दिसते. मागे राहतात ती ज्यांना दुसरे घर नाही, प्रवास झेपत नाही, किंवा आता जोडीदार उरलेला नाही अशी माणसे.

सगळ्यात शेवटची ओळ असते : शेजाऱ्याची चौकशी करा. माझ्या मते ती पहिली हवी.

कारण सांगतो. बाकीच्या सगळ्या सूचना असे गृहीत धरतात की माणसाला आपले काय होते आहे ते कळते. वय झाल्यावर नेमके तेच कळत नाही. तहानेची जाणीव बोथट होते. घाम कमी येतो. लघवीच्या गोळ्या शरीरातले पाणी काढतात, काही मानसिक आजारांवरची औषधे घाम रोखतात. वाळवंटातल्या कोरड्या हवेत घाम आला तरी लगेच उडून जातो, अंग ओले होत नाही, म्हणून आपण ठीक आहोत असे वाटत राहते. आणि ऊन लागले की पहिला घोटाळा डोक्यात होतो. माणूस गोंधळतो, पेंगतो. पाणी प्यावे, फोन करावा, हे ज्याने ठरवायचे तो मेंदूच जागेवर नसतो. अशा वेळी भिंतीवर चिकटवलेले पत्रक काय करणार? तिथे दुसरा माणूसच लागतो.

आकडेही हेच सांगतात. २०२३ च्या जुलैत फीनिक्सला सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला, आणि सलग १६ रात्री तो ३२ च्या खाली उतरला नाही. फीनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत येते तिथे त्या वर्षी उष्णतेने ६४५ माणसे गेली. पुढच्या वर्षी, २०२४ साली, ६०८. यात बेघर माणसे फार मोठ्या संख्येने आहेत, त्यांचा प्रश्न वेगळा आणि अधिक भीषण आहे. पण दरवर्षी बरीच माणसे घरात मरतात, त्यात म्हातारी अधिक, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या घरात एसी असतो! असतो, पण बंद पडलेला, किंवा वीज नाही म्हणून थांबलेला, किंवा बिलाच्या धास्तीने न लावलेला. हवा चाळीस अंशांच्या पुढे गेली की नुसता पंखा गरम वारेच अंगावर फेकतो.

२०१८ साली सन सिटी वेस्टमध्येच सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंची वीज बिलातले ५१ डॉलर राहिले म्हणून सप्टेंबरच्या उन्हात तोडली गेली. त्या घरातच गेल्या. त्यावरून पुढे मोठा गदारोळ झाला आणि २०१९ साली राज्याच्या नियामक मंडळाने उन्हाळ्यात थकबाकीपायी वीज तोडायला बंदी घातली. नियम झाला हे उत्तमच. पण यंत्र स्वतःहून बंद पडते तेव्हा कुठलाही नियम कामाला येत नाही.

१९९५ च्या जुलैत शिकागोत उष्णतेच्या लाटेने सातशेवर माणसे मेली. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने त्यावर पुस्तक लिहिले, ते २००२ साली प्रसिद्ध झाले. शेजारशेजारच्या दोन गरीब वस्त्या त्यांनी ताडून पाहिल्या. एकीत माणसे जास्त मेली, दुसरीत फार कमी. दुसरीत रस्ते गजबजलेले होते, दुकाने चालू होती, म्हातारी माणसे घराबाहेर पडत होती आणि ती दिसली नाहीत तर कुणाच्या तरी लक्षात येत होते, असा त्यांचा निष्कर्ष.

आता निवृत्तांची वसाहत डोळ्यांसमोर आणा. तिथे पोरे नाहीत. चेंडू अंगणात आला म्हणून दार वाजवणारे कुणी नाही. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. एसीसाठी दारे-खिडक्या घट्ट लावलेल्या, त्यामुळे आत काय चालले आहे ते बाहेर कळत नाही. शांतता विकत घ्यायला माणसे तिथे गेली, आणि उन्हाळ्यात तीच शांतता अंगावर येते. तिथे शेरीफच्या हाताखाली काम करणारे स्वयंसेवक आहेत, त्यांना 'पॉसी' म्हणतात. तेही निवृत्तच. गावाला गेलेल्यांच्या बंद घरांवर ते नजर ठेवतात. काम मोलाचे आहे. पण मला राहून राहून वाटते, की रिकाम्या घराइतकी राखण भरल्या घरालाही मिळायला हवी.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आम्ही मास्तर लोक रोज करायचो ती हजेरी घ्या. गल्लीतल्या उरलेल्या सात-आठ घरांनी नावांचा एक कागद करावा. रोज सकाळी नऊच्या आत एकाने दुसऱ्याला फोन करायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला. गप्पा मारायची सक्ती नाही. "आहे मी, एसी चालू आहे," एवढे पुरे. उत्तर आले नाही तर जाऊन दार वाजवायचे. एक किल्ली शेजारी ठेवायची. एसी बंद पडला तर रात्री कुणाकडे झोपायला जायचे, ते मे महिन्यातच ठरवून ठेवायचे. तहान लागल्यावर विहीर खणायची नाही.

यावर तिथल्या लोकांचा आक्षेप मला ठाऊक आहे. आम्ही स्वतंत्र राहायला आलो आहोत, रोज कुणी विचारपूस केलेली आवडत नाही. आपल्याकडेही आता पुण्याच्या आसपास ज्येष्ठांच्या वसाहती झाल्या आहेत, आणि तिथेही हेच ऐकू येते. आक्षेप खोटा नाही. चौकशी आणि चोंबडेपणा यांत एका पावलाचे अंतर असते. पण हजेरीत कुणी कुणाला उपकृत करत नाही, कारण प्रत्येक जण विचारणाराही असतो आणि उत्तर देणाराही. शिवाय आपल्याला कुणीतरी फोन करायचा आहे या विचाराने म्हातारा माणूस सकाळी वेळेवर उठतो, तोंड धुतो, पाणी पितो. हा फायदाही लहान नाही.

तेव्हा मंडळी, सूचनापत्रक लिहिणाऱ्यांनी पाणी, टोपी, साप, वादळ सगळे जरूर लिहावे. फक्त ती शेवटची ओळ वर घ्यावी, आणि तिच्याखाली नाव आणि फोन नंबर लिहायला थोडी कोरी जागा सोडावी.