आधी डिग्री की आधी लायसन्स?

गेल्या रविवारी मिसळ खाऊन घरी परतलो तर शेजारचे काका सोफ्यावर माझी वाट बघत बसलेले. काका एचएएलमधून, म्हणजे आपल्या ओझरहून रिटायर झालेत. त्यांचा मुलगा कॉम्प्युटर इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि त्याला अचानक (काकांच्या मते अचानक, माझ्या मते दहावीपासून) पायलट व्हायचंय. तेही कॉलेज सोडून, लगेच. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, वैमानिकांच्या ड्यूटीचे नवे नियम आणि अपुरे वैमानिक यांची चर्चा टीव्हीवर दिवसभर चालली, तेव्हापासून चिरंजीवांनी घर डोक्यावर घेतलंय. "दादा, त्यांना माणसं हवीयत आणि मी इथे डीबीएमएसची जर्नल्स लिहीत बसलोय!"

काका म्हणाले, "तू शिकलेला आहेस, तूच सांग. पीएफचे पैसे आहेत. मोडायला ना नाही. पण डिग्री?"

मी कोड लिहितो, विमान चालवत नाही. पण आमच्या घरात हा प्रयोग एकदा होऊन गेलाय, म्हणून बोलायचा थोडा हक्क आहे असं समजतो.

माझा मावसभाऊ. २००४ ला बारावी. त्यालाही हेच वेड होतं. मावशी म्हणाली, आधी बीई कर, मग आकाशात जा नाहीतर पाताळात. पोराने ऐकलं. त्याच्या वर्गातल्या एका मित्राने ऐकलं नाही. तो बारावीनंतर थेट फ्लाइंगला गेला, २००६ च्या अखेरीस लायसन्स घेऊन आला आणि काही महिन्यांत नोकरीला लागला. तेव्हा नव्या एअरलाइन्सचा पाऊस पडत होता, मिळेल त्याला घेत होते. भाऊ २००८ मध्ये बीई झाला, फ्लाइंगला गेला, तिथे कधी विमान नादुरुस्त, कधी इन्स्ट्रक्टर नाही, कधी हवा खराब, असं करत दोनशे तास पूर्ण व्हायला २०१० उजाडलं. तोवर मंदी येऊन बसलेली. देशात सीपीएल हातात घेऊन घरी बसलेली पोरं हजारोंनी होती, त्यात हा एक. २०१२ मध्ये किंगफिशर बंद पडली आणि अनुभवी वैमानिकही त्याच रांगेत आले. शेवटी याने पुण्यात टेस्टिंगची नोकरी धरली, डिग्रीच्या जोरावर. २०१५ मध्ये एटीआरवर फर्स्ट ऑफिसर म्हणून लागला तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता आणि तो मित्र केव्हाच कॅप्टन झालेला.

परीक्षा त्याच, तास तेवढेच, डोकं तर भावाचं जास्तच चालतं. सुरुवातीचा चार वर्षांचा फरक नोकरीपर्यंत जाता जाता आठ वर्षांचा झाला.

म्हणजे मावशी चुकली? इथेच मी अडकतो. कारण मधे एकदा त्या मित्राची नोकरी गेली तेव्हा वर्षभर तो घरी होता आणि बारावीच्या मार्कशीटवर त्याला कोणी दारात उभं करत नव्हतं. त्याला वाचवलं ते लॉगबुकातल्या तासांनी. भावाला ती बेकारीची वर्षं वाचवलं ते डिग्रीने. दोघांनाही जे हवं होतं ते दुसऱ्याकडे होतं!

आता नियमाचं. आपल्याकडे डीजीसीएला कमर्शियल लायसन्ससाठी डिग्री लागत नाही. बारावीला फिजिक्स-मॅथ्स, वय अठरा पूर्ण, क्लास वन मेडिकल, लेखी पेपर आणि दोनशे तास. जेआरडी टाटांना १० फेब्रुवारी १९२९ ला एक नंबरचं लायसन्स मिळालं तेव्हा त्यांच्याकडेही डिग्री नव्हती. (हे काकांसमोर बोललो नाही. चिरंजीवांनी फ्रेम करून लावलं असतं.)

इंटरनेटवरचा बराचसा सल्ला मात्र अमेरिकन असतो, आणि तिथलं गणित वेगळं आहे. २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं, त्यानंतर नियम कडक झाले आणि २०१३ पासून एअरलाइनच्या को-पायलटलाही १५०० तास लागू लागले. पण मान्यताप्राप्त कॉलेजातून एव्हिएशनची चार वर्षांची डिग्री असेल तर १००० तास पुरतात. म्हणजे तिथे डिग्रीला तासांमध्ये किंमत आहे. डेल्टाने मात्र २०२२ मध्ये डिग्रीची अट काढून टाकली. आपल्याकडे दोनशे तासांवर अर्ज करता येतो, त्यामुळे तिकडचा सल्ला इकडे चिकटवण्यात अर्थ नाही.

माझ्या मते खरा मुद्दा कशाचं आधी आणि कशाचं नंतर हा नाहीच. कोणती गोष्ट नासते हा आहे. डिग्री नासत नाही. २००८ ची डिग्री भावाला २०१२ मध्ये चालली. लायसन्स मात्र भाजीसारखं आहे. इन्स्ट्रुमेंट रेटिंग दर वर्षी रिन्यू करा, मेडिकल दर वर्षी, हात चालू ठेवायला पैसे भरून उडा. भावाने दोन वर्षं हे केलं, तिसऱ्या वर्षी मावशीचे दागिने आठवले आणि थांबला. म्हणून सीपीएल हातात पडेल त्या दिवसापासून अर्ज करायला मोकळं असलं पाहिजे. "लायसन्स घेतो, मग कॉलेज संपवतो, मग अर्ज करतो" हा सगळ्यात वाईट क्रम. महागडी भाजी आणायची आणि गॅस कनेक्शनसाठी नंबर लावायचा.

आज कोणी बारावीत असेल तर मी म्हणेन चार वर्षं बीईत घालवू नकोस. फ्लाइंगला जा आणि डिग्री बाजूने कर. मुक्त विद्यापीठ कुठे दूर नाही, गंगापूर धरणाच्या वाटेवर १९८९ पासून उभं आहे. बाहेरून केलेल्या डिग्रीला नाकं मुरडणारे मुरडोत.

पण काकांच्या मुलाची तीनच सेमिस्टर्स उरली आहेत. पाच सेमिस्टर्सची फी आणि जागरणं फेकून देऊन त्याला मिळणार काय? जास्तीत जास्त दीड वर्षाची आघाडी. आणि ती दीड वर्षं रिकामी कुठे आहेत? नेव्हिगेशन, मीटिअरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल हे पेपर कॉलेज करता करता देता येतात. सत्तर टक्के लागतात, जर्नल्ससारखं कॉपी करून भागत नाही :) आम्ही प्रोजेक्ट प्लॅनमध्ये ज्याला पॅरलल टास्क म्हणतो, ते हेच.

राहता राहिली डिसेंबरची बातमी. ती वाचून कॉलेज सोडणं म्हणजे आजचा भाव बघून द्राक्षबाग लावणं. आपण नाशिककरांनी तरी हे करू नये. कंपन्यांना तुटवडा जाणवतो तो मुख्यतः कॅप्टन्सचा, आणि दोनशे तासवाला तिथपर्यंत पोचायला काही वर्षं जातात. मधे काय होईल सांगता येत नाही. जेट एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली, मार्च २०२० मध्ये सगळीच विमानं जमिनीवर आली, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली. दुसरीकडे, एअर इंडियाने २०२३ मध्ये ४७० विमानं मागवली, इंडिगोने ५००. मागणी खरी आहे, फक्त ती तुमच्या निकालाच्या तारखा बघून येत नाही.

हे सगळं ऐकून काकांनी एकच विचारलं, "मग एफडी कधी मोडू?"

म्हटलं, क्लास वन मेडिकल हातात येईपर्यंत कोणत्याही स्कूलला एक रुपया देऊ नका. पन्नास लाखांच्या आसपासचा खेळ आहे, टाइप रेटिंग वेगळं. चष्मा चालतो, पण रंग नीट ओळखता यायला हवेत, आणि हे आधी कळलेलं बरं. काका एकदम गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "त्याचा मामा हिरवा-लाल ओळखत नाही रे."

चिरंजीव तेवढ्यात गॅलरीत उभे राहून ओझरच्या दिशेने जाणाऱ्या विमानाचा आवाज ऐकत होते. पुढच्या मंगळवारी क्लास टूची अपॉइंटमेंट आहे. मी बरोबर जातोय.