बसण्याचा हक्क कोणाला?

लग्नसराईत शहरातील एखाद्या मोठ्या साडीदुकानात डोकावावे. मोटारीतून उतरलेल्या कुटुंबासाठी तत्काळ खुर्च्या येतात, थंड पेय येते आणि न मागता साड्यांच्या घड्या मोडल्या जातात. धुण्याभांड्यांची कामे करणारी बाई लेकीच्या लग्नासाठी आली, की किती रुपयांपर्यंतची हवी, हा प्रश्न आधी आणि साडी मागाहून. ह्या दोघींपुढे घड्या उलगडणारी विक्रेती मात्र सकाळपासून उभीच असते. दुकानात कोण बसते आणि कोण उभे राहते एवढे पाहिले, तरी समाजाची उतरंड ध्यानात येते.

धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान ह्या कारणांवरून कोणाही नागरिकाला दुकानात मज्जाव करता येणार नाही, असे राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने १९५० सालीच बजावले. परंतु दार उघडले म्हणून वागणूक समान झाली नाही. जातीचा मज्जाव जेथे ओसरला, तेथे पैशाची पारख येऊन बसली. आणि पोशाख व बोली ह्यांच्या आडून कित्येकदा जुनीच पारख चालू राहिली.

रेशनच्या दुकानात तर खुर्चीचा प्रश्नच उद्भवत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा पाच किलो धान्याचा हक्क दिला. कायद्याची भाषा हक्काची आहे. वजनकाट्यापाशी मात्र अनेकदा उपकाराची भाषा ऐकावी लागते. कष्टाने झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्राला पटला नाही, की रोजगार बुडवून रांगेत उभी राहिलेली बाई रिकाम्या पिशवीने परतते.

ह्या अपमानाचे खापर विक्रेत्या मुलीच्या माथी फोडणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. गिऱ्हाईक पारखण्याचा धडा तिला मालकाने दिलेला असतो. दिवसभर उभे राहून तिचे पाय सुजतात; स्वच्छतागृहाची सोय नसल्यामुळे ती पाणी पिण्याचेही टाळते. जिला स्वतःला माणूस म्हणून वागवले जात नाही, तिच्याकडून सर्वांशी समान सौजन्याची अपेक्षा करणे हा दांभिकपणा होय.

ह्या स्थितीविरुद्ध लढता येते हे केरळातील स्त्रियांनी दाखवून दिले. कोझिकोडच्या मिठाई तेरुवू ह्या बाजारपेठेतील कामगार स्त्रिया पी. विजी यांच्या पुढाकाराने संघटित झाल्या. आरंभ झाला तो स्वच्छतागृहाच्या मागणीपासून; पुढे मागणी आली ती कामाच्या वेळात बसू देण्याची. अखेर २०१८ मध्ये केरळ सरकारला दुकाने व आस्थापना कायदा दुरुस्त करून विक्रेत्यांना बसण्याची सोय देणे भाग पडले. २०२१ मध्ये तामिळनाडूने तेच पाऊल उचलले.

एका स्टुलाने विषमता नष्ट होत नाही, हे खरे. तथापि ते स्टूल मिळवण्यासाठी विखुरलेल्या कामगारांना एकत्र यावे लागले, हे त्याचे खरे मोल. आपल्या बाजारपेठांतील दुकान-कामगार अद्याप बव्हंशी असंघटितच आहे. कार्यकर्त्यांनी गिऱ्हाईक म्हणून दुकानात जाताना फळीच्या पलीकडेही पाहावे, तेथील मुलींशी बोलावे. रेशनच्या दक्षता समित्या कागदावर राहू नयेत ह्यासाठी वस्तीतील स्त्रियांना बरोबर घेऊन पाठपुरावा करावा. रांगेत ताटकळणारी आणि फळीमागे ताटकळणारी ह्या दोघी एकमेकींच्या वैरिणी नव्हेत. आपण दोघीही उभ्या आहोत, हे त्यांना ज्या दिवशी उमगेल, त्या दिवशी बसलेल्यांना उठावे लागेल.