आठवड्यातून दोन दिवस, एक गडी

प्रति,
दि आर अँड ए,
सेंट अँड्र्यूज, स्कॉटलंड



१८६४ साली ओल्ड टॉम मॉरिस यांना मैदान राखणारा (ग्रीनकीपर) म्हणून प्रेस्टविकहून सेंट अँड्र्यूजला परत बोलावलं तेव्हाचा करार असा होता: पगार वर्षाला ५० पौंड, मैदानाच्या खर्चासाठी २० पौंड, आणि जड कामाला आठवड्यातून दोन दिवस एक गडी. गोल्फच्या पंढरीची देखभाल एवढ्यावर चालायची. तो करार केला रॉयल अँड एन्शंट क्लबनं. २००४ साली तुम्ही त्या क्लबपासून कायद्यानं वेगळे झालात आणि खेळाचे नियम आणि ‘द ओपन’ ही स्पर्धा तुमच्या हाती आली. म्हणून हे पत्र तुमच्या नावे. इंग्रजी प्रत टपालानं वेगळी येईल. मूळ पत्र मराठीत आहे, कारण यातला निम्मा युक्तिवाद सातारा जिल्ह्यातल्या माझ्या कोरेगाव तालुक्याचा आहे.

मी स्कॉटलंडमधल्या एका नऊ होलच्या क्लबचा सभासद. गाव लहान, वर्गणी बेताची, पगारी ग्रीनकीपर एकच. मंगळवारी सकाळी आम्ही काही जण त्याच्या हाताखाली राबतो: निवृत्त पोस्टमन, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, एक सुतार, आणि मी. बंकरमधली वाळू सारखी करायची. फटक्यासरशी उडालेल्या गवताच्या जागी वाळू, माती आणि बियाणं कालवून भरायचं. तुंबलेले चर उपसायचे. पानगळीत तर पानं गोळा करण्याला अंतच नसतो. उन्हाळ्यात पिवळ्या फुलांचं रॅगवर्ट मुळासकट उपटायचं, कारण गुराघोड्यांना ते विषारी आणि कुंपणापलीकडे घोडी चरतात. हातमोजे मात्र घालावेच लागतात. बांधावरचं गाजरगवत उपटत मोठा झालेल्या माणसाला हे काम निराळं शिकवावं लागत नाही. काम संपल्यावर चहा आणि रोल मिळतो. आमच्याकडे कोरेगावात इर्जिकीला, म्हणजे गावानं मिळून केलेल्या शेतकामाला, जेवण असायचं. इथल्या थंडीत चहावरही भागतं.

तुमच्या नियमपुस्तकातला १.२ हा नियम खेळाडूनं मैदान जपावं, असं सांगतो. उडालेली ढलपी परत बसवा, बंकर सारखा करा, चेंडू आदळून पडलेला खळगा बुजवा. न केल्यास नियमांत दंड नाही. क्लबनं स्वतःची आचारसंहिता केली तर गोष्ट वेगळी. दंड नाही हे मला आवडतं. सभ्यपणा शिट्टी वाजवून येत नाही. पण खेळाडूनं न बुजवलेला खळगा मंगळवारी आमच्यापैकीच कुणीतरी बुजवतो, हेही तुम्हाला माहीत असावं.

‘द ओपन’मध्ये प्रत्येक गटाबरोबर चालत बंकर सारखे करणारी माणसं प्रेक्षकांच्या फारशी नजरेत येत नाहीत. ते असतात ठिकठिकाणचे ग्रीनकीपर, ‘बिग्गा’ या आपल्या संघटनेतर्फे आलेले, आणि तेही स्वयंसेवक म्हणून. त्यांना तो मान वाटतो आणि तो आहेच. २०२४ साली ट्रूनला एकूण बक्षिसं १ कोटी ७० लाख डॉलरची होती. हे दोन्ही एकाच मैदानावर, एकाच आठवड्यात घडतं. मी त्यावर जास्त बोलत नाही.

माझी काळजी वेगळी आहे. क्लबच्या सभेत कुणीतरी हिशेब मांडतोच: एवढे हात फुकट मिळतायत, तर ग्रीनकीपर पूर्णवेळ कशाला? हा प्रश्न ज्याला पडतो त्यानं ग्रीन, म्हणजे होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, जवळून पाहिलेलं नसतं. उन्हाळ्यात ग्रीनचं गवत साधारण ४ मिलिमीटरवर कापतात. यंत्राचं पातं जरा खाली बसलं की गवत सोलून निघतं आणि ती जखम भरायला आठवडे लागतात. रोज पावलं पडून जमीन दबते, पाण्याचा निचरा थांबतो, मुळं उथळ राहतात. मग पोकळ दातांच्या यंत्रानं मातीच्या कांड्या उपसून त्या भोकांत वाळू भरावी लागते. ते कधी करायचं, हे जमिनीला वाफसा कधी येतो ते ओळखणाराच सांगू शकतो. बुरशीवर फवारणी करायची तर ब्रिटनमध्ये प्रमाणपत्र लागतं. आम्ही उत्साही म्हातारे आहोत. आमच्या हाती फवारा देऊ नका.

आता कोरेगाव, कारण राबणारे हात आणि जाणकारी यांची सांगड तिथे घातली गेली. २०१६ साली पानी फाउंडेशनची वॉटर कप ही गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा तीन तालुक्यांत सुरू झाली: वरूड, अंबाजोगाई आणि आमचा कोरेगाव. ऐन उन्हात माणसं डोंगरउतारावर चर खणत होती, वेळू गावानं पहिलं बक्षीस मिळवलं, हे सगळं महाराष्ट्रानं टीव्हीवर पाहिलं. त्याआधीचं काम कॅमेऱ्यापुढे कमी आलं. कुदळ मारण्यापूर्वी गावागावांतल्या निवडक लोकांना प्रशिक्षण दिलं होतं: उतार कसा मोजायचा, समतल रेषा कशी आखायची, चर कुठे खणायचा नाही. पुढच्या वर्षांत ज्या गावांनी श्रमदान करून दाखवलं, त्यांना भारतीय जैन संघटनेनं खोदाईची यंत्रं दिली. हातांनी होईल ते हातांनी, न होईल ते यंत्रानं. आधी श्रमदान, मग यंत्र, हा क्रमही महत्त्वाचा. यंत्र आधी आलं असतं तर गाव बघत बसलं असतं.

माझं मागणं एवढंच आहे. ‘गोल्फ कोर्स २०३०’ या नावानं तुम्ही पाणी, हवामान आणि रसायनं यांवर काम चालवलं आहे. त्याच्याच खर्चात छोट्या क्लबांच्या स्वयंसेवकांसाठी दोन दिवसांचा वर्ग घ्या, आणि तो शिकवायला त्या भागातल्या ग्रीनकीपरांनाच मानधन देऊन बोलवा. भोकं पाडायचं एक यंत्र आणि वाळू पसरायचं एक यंत्र जिल्ह्यात ठेवा; ज्या क्लबचे सभासद वर्षभर राबले त्यांच्याकडे ते आळीपाळीनं जाऊ द्या. आणि अट घाला: स्वयंसेवक आले म्हणून ज्यानं ग्रीनकीपर काढला, त्या क्लबाला यातलं काहीही मिळणार नाही. दोन-तीन क्लबांनी मिळून एक ठेवला तरी चालेल, पण तो पगारी हवा. या अटीवर आमच्यातलेही काही सभासद नाराज होतील. होऊ द्यात.

यंत्राचा विमा कुणी उतरवायचा यावर तुमचे वकील बसतीलच. बसायलाच हवेत, कारण उतारावर गवतकापणी यंत्र उलटू शकतं आणि आमच्यातले बरेच जण सत्तरीच्या पुढचे आहेत.

अर्जाचा नमुना एका पानाचा ठेवा. तो आमच्या ग्रीनकीपरलाच भरावा लागणार, आणि त्याचा दिवस पहाटे सुरू होतो.

आपला,
मंगळवारच्या गटातला एक सभासद
(मूळ राहणार: तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा)