किती मूर्ती?

जबलपूरच्या ग्वारीघाटावर पहाटेच्या स्नानानंतर परिक्रमावासी पुढच्या वाटेला लागतात. अमरकंटकापासून भडोचजवळील सागरसंगमापर्यंत १,३१२ किलोमीटर वाहणारी नर्मदा उजव्या हाताला ठेवून, तिचे पात्र मध्ये कोठेही न ओलांडता, त्यांना दोन्ही तीर चालावयाचे असतात.

घरी कोणी वकील असेल, कोणी शिक्षक, कोणी शेतकरी. परंतु परंपरा अशी, की वाटेवर भिक्षेसाठी प्रत्येकाने हात पसरावा. देताना अहंकार सुखावतो. मागताना तो गळून पडतो.

सायंकाळी आश्रमाच्या दारी पोहोचताच पुष्कळदा आतून विचारणा होते, "किती मूर्ती?" प्रश्न साधा, स्वयंपाकाच्या अंदाजापुरता. पण माणसे मोजावयाची ती मूर्ती म्हणून! देवळात ज्याची पूजा होते, तोच या धुळीने माखलेल्या पाहुण्यात आहे आणि तोच भाकरी वाढणाऱ्यातही. मग उपकार कोणी कोणावर करावयाचा?

रामेश्वराला वाहावयाचे गंगोदक एकनाथांनी तहानेल्या गाढवाच्या मुखी घातले, ही कथा आपण मुलांना कौतुकाने सांगतो. आणि घरी भांडी घासणाऱ्या बाईंना चहा देताना फडताळातला निराळा पेला शोधतो! मुले कथाही ऐकतात आणि तो पेलाही पाहतात. त्यांच्या मनावर कोणता संस्कार अधिक खोल उमटत असेल?

परिक्रमा सर्वांनाच घडेल असे नाही. तो निराळा पेला मात्र आजच फडताळातून काढता येईल.