बोलेरो घ्यायची की दोस्त? आधी भुईकाट्याची पावती वाचा

परवा गावाकडच्या एका पोराचा फोन आला. "भाऊ, पिकअप घ्यायचीय. बोलेरो घेऊ का दोस्त? तुम्ही पेपरात लिहिता, तुम्हाला माहिती असंल."

पेपरात लिहिणाऱ्याला सगळं माहीत असतं हा आपल्याकडचा जुना गैरसमज. पण हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी कुणी ना कुणी विचारतंच. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हापासून तर जरा जास्तच. निफाड, चांदवड, दिंडोरी पट्ट्यात नोकरी न लागलेल्या पोराला बाप दोन गोष्टी सुचवतो, एक तर द्राक्षबाग सांभाळ, नाहीतर पिकअप घे.

तर आधी गाड्यांचं सांगतो.

महिंद्रा बोलेरो पिकअपला अडीच लिटरचं, चार सिलिंडरचं इंजिन. मॉडेलप्रमाणे १.३ टनापासून १.७ टनापर्यंत माल पास. गावोगावी मेकॅनिक, जुन्या बाजारात गिऱ्हाईक लगेच. अशोक लेलँडची दोस्त २०११ मध्ये आली. दीड लिटरचं, तीन सिलिंडरचं इंजिन, माल साधारण सव्वा ते दीड टन. नाक आखूड, त्यामुळे गल्लीबोळात, मार्केटच्या गर्दीत वळवायला सोपी. रोजचा फेरा जवळचा आणि माल हलका असेल, किराणा, दूध, भाजीपाला, तर दोस्त पुरते. मळ्यातला कच्चा रस्ता, चढ आणि लांबचा पल्ला असेल तर बोलेरो. दोन्ही गाड्या आपापल्या जागी चांगल्या आहेत. यात मला फार वाद दिसत नाही.

मी त्याला विचारलं, "भरणार काय?"

"टमाटे. पिंपळगावहून वाशी."

"किती कॅरेट?"

"सगळे एकशेवीस भरतात."

इथं माझी गाडी अडली.

हिशेब करू. वीस किलोचं कॅरेट, जाळीसकट २२ किलो धरा. १.७ टनाच्या बोलेरोत ७७ कॅरेट बसतात. दीड टनाच्या दोस्तमध्ये ६८. १२० कॅरेट म्हणजे २,६४० किलो. बोलेरोत साडेनऊशे किलो जादा, दोस्तमध्ये अकराशेच्या वर. म्हणजे "बोलेरो का दोस्त" या प्रश्नाचा खरा अर्थ "ओव्हरलोड कुणाला जास्त सोसवेल" एवढाच उरतो. पाटे टाकून घ्यायचे, टायर जाड घालायचे आणि कसारा घाट उतरायचा. पाटे वाढवले की गाडी बसत नाही, हे खरं. पण ब्रेक तेच राहतात, जे कंपनीने १.७ टनासाठी दिलेत.

आता पोराची दुसरी बाजू. आठ लाखांचं कर्ज, पाच वर्षं, ११ टक्के व्याज धरलं तर हप्ता होतो साधारण १७,४०० रुपये. समजा वाशीचं भाडं कॅरेटला ५० रुपये मिळालं. ७७ कॅरेटचे झाले ३,८५०. येऊन-जाऊन जवळपास ४०० किलोमीटर, त्यातही येताना बऱ्याचदा रिकामी. डिझेललाच तीन हजारांच्या आसपास जातात. उरलेल्या आठशेत टोल, जेवण, पंक्चर. हप्ता कशातून भरणार? १२० कॅरेट भरले की सहा हजार मिळतात आणि डिझेल थोडंच वाढतं. पोरगं काही हावरट नाही. कायदा पाळला तर धंदा बसत नाही, असं गणितच त्याच्यापुढं मांडून ठेवलंय.

त्यात बाजार बंद पडला तर? ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी आली तेव्हा लिलाव बंद पडले, रास्ता रोको झाले. शेतकऱ्याच्या नुकसानीवर आम्ही रकाने भरले, ते बरोबरच होतं. पण मार्केटबाहेर उभ्या राहिलेल्या पिकअपवाल्यांचा हप्ता त्या दिवसांतही सुरू होता. त्यांच्यावर एक ओळ कुणी लिहिली नाही. मीही नाही.

आता मूळ मुद्दा. ओव्हरलोड हा काही चोरून होणारा गुन्हा नाही. आपल्याकडे कांद्याची पिकअप लिलाव झाला की भुईकाट्यावर जाते. आधी भरलेली गाडी मोजतात, मग रिकामी. पावतीवर गाडीचा नंबर आणि दोन्ही वजनं छापून येतात. आरसी बुकात त्या गाडीचं पास वजन लिहिलेलं असतंच. दोन कागद शेजारी ठेवले की झालं. रोज शेकडो पावत्या फाटतात. व्यापारी वाचतो, शेतकरी वाचतो, समितीचा माणूस वाचतो. फक्त निव्वळ माल किती, एवढंच वाचतात.

आणि कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आणि जादा प्रत्येक टनाला २,००० रुपये आहे. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. याच कलमात गाडी चालवणाऱ्याबरोबर ती तशी चालवायला लावणारा आणि चालवू देणाराही दोषी धरलाय. पण चलन फाटतं ते गाडीच्या नंबरवर. "अजून वीस कॅरेट टाक, नाहीतर दुसरा बघतो" म्हणणाऱ्याचं नाव त्यात नसतं.

काही जण म्हणतील, वजन कडक केलं तर भाडं वाढेल आणि ते शेतकऱ्याच्याच माथी बसेल. खरंय. मीही शेतकऱ्याचाच मुलगा आहे, टमाटे रस्त्यावर ओतलेले बघितलेत. पण हे स्वस्त भाडं कोण भरतंय तेही बघा. राहुड घाटात, कसाऱ्यात ब्रेक न लागलेली गाडी भरतेय, आणि तिच्या पुढं चाललेला मोटरसायकलवाला भरतोय.

मागच्या बाजूला माणसं बसवायची सवय तर आणखी वाईट. ऑगस्ट २०२५ मध्ये खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या बायकांची पिकअप दरीत गेली. मालवाहू गाडीत बसलेल्या अशा माणसांना साध्या विम्याचं संरक्षण नसतं. निंदणीला मजूर नेणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं.

माझी मागणी साधी आहे. बाजार समित्यांनी काट्याच्या पावतीवर गाडीचं पास वजनही छापावं, म्हणजे फरक सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहील. आरटीओने दंड करताना माल भरायला लावणाऱ्यालाही त्यात घ्यावं. आणि भाडं कॅरेटवर न ठरता फेरीवर ठरावं. कॅरेटवर भाडं आहे तोवर प्रत्येक जादा कॅरेट हा हप्त्याचा तुकडा वाटणारच.

त्या पोराला काय सांगितलं? म्हटलं, "७७ कॅरेटवर हप्ता निघत असेल तर बोलेरो घे. नसेल निघत तर जवळचा, ठरलेला फेरा शोध आणि दोस्त घे. दोन्हीत बसत नसेल तर यंदा गाडी घेऊ नको."

थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "भाऊ, सत्तर-पंच्याहत्तर कॅरेट घेऊन उभं राहिलं तर व्यापारी गाडीच लावत नाही."

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ज्यांच्याकडे असायला हवं त्यांच्या टेबलावर रोज काट्याची पावती येते.